पंधरा पूर्णांक एकाहत्तर

परतीच्या पावसाची सर आली आणि पंचवटीतल्या मैदानावर टाकलेली फक्की वाहून गेली. लेन पुन्हा आखेपर्यंत आम्ही टायमर, म्हणजे शर्यतीची वेळ घेणारी मंडळी, मांडवात चहा घेत बसलो. तेवढ्यात स्टार्टर काकांनी कोडं टाकलं: "100 मीटर, वेळ 15.71. 2015 सालचा विश्वविक्रम. कसा?"

आमच्या शाळकरी मुलीसुद्धा याहून लवकर येतात. पण टायमरचं लक्ष आधी दशांशाकडे जातं. हातातल्या घड्याळाची वेळ एका दशांशातच नोंदवतात आणि तीही वर ढकलून, म्हणजे 10.11 दिसलं तर 10.2. इथं दोन दशांश होते, तेव्हा यंत्रानं मोजलेली धाव.

"अडथळ्यांची असेल," आमच्यातल्या मॅडम म्हणाल्या. पण महिलांच्या 100 मीटर अडथळ्यांचा विक्रम 12.12 आहे आणि पुरुषांची ती शर्यत 110 मीटरची. मी उलटं धावणं सुचवलं. तेही बसेना, कारण जर्मनीच्या रोलँड वेगनरनं 2007 मध्ये पाठमोरं धावून 13.6 ची वेळ दिली होती.

मग सगळे वयावर आले, आणि हा अंदाज खरंच चांगला होता. अमेरिकेचे पेटन जॉर्डन ऐंशीव्या वर्षी 14.35 मध्ये धावले होते, म्हणजे पंच्याऐंशीच्या आसपासचा कुणी 15.71 ला सहज शोभला असता. त्यापुढं मात्र आकडे झपाट्यानं फुगतात: जपानचे 105 वर्षांचे मियाझाकी 42.22, तर आपल्या मान कौर 101 व्या वर्षी ऑकलंडला 74 सेकंद.

काकांनी मान हलवली. "तरुण आहे. आणि सुरुवात सगळ्यांसारखीच करतो, फक्त नंतर उठत नाही."

क्षणभर शांतता. मग मॅडमच ओरडल्या, "अहो, चार पायांवर!"

बरोबर. जपानचा केनिची इतो. पटास माकडाची चाल बघून तो हातापायांवर धावायला शिकला. 2008 मध्ये 18.58, सात वर्षांनी 15.71, म्हणजे ताशी जवळपास 23 किलोमीटर. पुढं तोही विक्रम मोडला गेला.

पोरांना राहवलं नाही. एकानं 20 मीटर करून दाखवले, 6.8 सेकंद. याच गतीनं 100 ला 34 लागले असते. चूक उघड होती. माणसाचे पाय हातांहून लांब, त्यामुळे कंबर वर जाते, भार मनगटांवर येतो आणि समोर बघायला मान मोडून वर धरावी लागते. शिवाय तो एकेक हातपाय टाकत रांगत होता. वेग हवा तर दोन्ही हात टेकल्यावर पाय हातांच्याही पुढं पडायला हवेत, पळत्या कुत्र्यासारखे.

मॅडमनी विचारलं, "याचा फिनिश कसा धरायचा?" आपल्या नियमात धड रेषेवर आलं की वेळ थांबते, डोकं, हात, पाय धरत नाहीत. अशा धावपटूचे हात आणि डोकं आधी रेषा ओलांडणार, धड मागून. घड्याळवाल्याचा अंगठा हमखास आधीच दाबला जाईल.

दीड तासानं फक्की पडली. काका क्लॅपर, म्हणजे शर्यत सोडायला एकमेकांवर आपटायच्या फळ्या, घेऊन उभे राहिले. आम्ही नजर क्लॅपरच्या फळ्यांवर ठेवली, कारण आवाज 100 मीटर यायला सुमारे तीन दशांश सेकंद घेतो. "ऑन युवर मार्क्स" झालं, सहा मुली खाली वाकल्या, दोन्ही हात आणि एक गुडघा जमिनीला.

मॅडम शेजारून पुटपुटल्या, "आता उठा गं बायांनो."