एका 'बाई'ने अडवलेलं ऑपरेशन

आईच्या हृदयाची झडप महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून बदलली. खिशातून एक रुपया गेला नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर पुढचं वाचून कुणी योजनेच्या वाटेलाच जायचं नाही.

आमचं रेशनकार्ड पांढरं. पूर्वी पांढरं म्हटलं की विषय संपायचा. २०२३ च्या शासन निर्णयाने ती अट गेली, आणि कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचं संरक्षण ५ लाखांवर गेलं. म्हणून निवांत गेलो. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या मदतनीसाने, कागद पाहिले नि म्हणाला, "दादा, नाव जुळत नाही." रेशनकार्डावर आईच्या नावापुढे 'बाई', आधारवर नाही! आई शेजारीच धापा टाकत बसलेली. "हीच ती बाई," म्हटलं. तो बिचारा हसला, पण सिस्टीम हसत नाही.

मग तहसीलची पुरवठा शाखा. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला. दुसऱ्या दिवशी कळलं, कार्ड ऑनलाइनच नाही, आधी १२ अंकी नंबर काढा. नंबर मिळाला तर म्हणे अंगठा लागेल, आईंना घेऊन या. दोन पायऱ्या चढून दम लागणाऱ्या बाईला दुसऱ्या मजल्यावर! खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेली. मशीनवर अंगठा उमटेना. जन्मभर भांडी घासून रेषा उरल्यात कुठे? पुसून झालं, ओला करून झाला, बोटं बदलून झाली. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं, तर क्लार्कच ओरडला, "आलं, आलं!" जणू त्यानेच झडप बसवली. आईसमोर भांडायचं नव्हतं, म्हणून आभार मानले. यात नऊ दिवस गेले.

पुढे पूर्वपरवानगी, ऑपरेशन, डिस्चार्ज सगळं सुरळीत.

१५५३८८ हा योजनेचा टोल फ्री नंबर मला नंतर कळला. तुम्ही आधी लावा. केस तातडीची असेल तर फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू होतात, कागद मागून चालतात. डॉक्टरांना स्पष्ट विचारा. सत्तरी ओलांडलेल्यांना मोफत उपचारांसाठी केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. आई सहासष्ट, तिथेही हुकलो. आणि हो, योजना भरती झाल्यावरची. आईच्या शुगरच्या रोजच्या गोळ्या आजही आम्हीच विकत आणतो.

काल सहज दादांची कागदपत्रं काढली. रेशनकार्डावर 'राव' आहे, आधारवर नाही. सोमवारी पुन्हा तहसील.