उभ्या गाडीचा आवाज

प्रीमियर पद्मिनी ही गाडी बाळगलेल्या घरांत 'स्लो गेलाय', म्हणजे उभ्या गाडीत इंजिन ज्या मंद वेगाने फिरतं तो बिघडलाय, हे वाक्य दर दोन-तीन महिन्यांनी कानावर पडायचंच. सिग्नलला क्लच दाबून उभं राहिलं की इंजिन एकदा गचके खायचं, हेडलाइट मिणमिणायचे आणि गाडी ढिम्म. मग मागून बेस्टच्या बसचा हॉर्न.

बहुतेक मेकॅनिकांकडे यावर एकच इलाज. बॉनेट उघडायचं, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरवरचा थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाचा वेग वाढवणारा स्क्रू अर्धा फेरा आत घालायचा आणि म्हणायचं, "झालं साहेब, घेऊन जा." गाडी बंद पडायची थांबे हे खरं. पण मग ती सिग्नलला उगाच घोंघावत राही, पहिला गिअर टाकताना दात करकरत आणि पेट्रोल जाई ते वेगळंच. न तपासता तापाची गोळी हातावर ठेवणारे डॉक्टर असतात ना, त्यातलाच हा प्रकार. मुळात दुखणं प्लगवर साचलेल्या काजळीत असे, ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटच्या गॅपमध्ये असे, नाहीतर इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून चोरून हवा आत जात असे.

आमचे मिस्त्री मात्र हे सगळं बघितल्याशिवाय स्क्रूला हात लावत नसत. थंड गाडी नेली तर सरळ परत पाठवत: "आधी एक चक्कर मारून या, गरम होऊ दे." त्यानंतर खरा खेळ. स्क्रू दोन, एक थ्रॉटलचा आणि एक मिक्श्चरचा, म्हणजे पेट्रोल-हवेच्या प्रमाणाचा. मिक्श्चरचा आत घेत गेलं की पेट्रोल कमी पडतं, इंजिन थरथरतं. बाहेर काढत गेलं की आधी ते खुलतं आणि पुढे जडावतं, सायलेन्सरमधून काळा धूर येतो. या दोन्हींच्या मध्ये जिथे इंजिन सगळ्यात मोकळं फिरतं तिथे थांबायचं. मग थ्रॉटलचा स्क्रू सोडून वेग खाली आणायचा. तो खाली आला की मिक्श्चर पुन्हा किंचित चुकतं, म्हणून परत मिक्श्चरच्या स्क्रूकडे. पद्मिनीच्या डॅशबोर्डवर आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा काटा नव्हता. सातशे-आठशेचा अंदाज मिस्त्री एक हात मडगार्डवर ठेवून कानानेच घेत. शेवटी एअर फिल्टरच्या झाकणावर कटिंगचा ग्लास ठेवत आणि मला लाइट, वायपर लावायला सांगत. चहा हिंदकळला नाही, तर तो प्यायचा. हिंदकळला, तर स्क्रूड्रायव्हर पुन्हा हातात.

हे कसब गेलं ते गाड्यांबरोबर. 2000 साली मारुती 800 मध्येही एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली आणि कार्बोरेटर हळूहळू नव्या गाड्यांतून हद्दपार झाला. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवली गेली, टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस तीही संपली. आता इंजिन किती तापलंय, एसी लावलाय का, हे कॉम्प्युटर पाहतो आणि लागेल तेवढी हवा आत सोडतो. पिळायला स्क्रूच नाही. काही गाड्या तर सिग्नलला मुद्दाम स्वतःला बंद करून घेतात! पद्मिनी चालवलेल्या माणसाचा हात तेव्हा अजूनही किल्लीकडे जातो.

मला हे बदललेलं आवडतं, खोटं कशाला बोलू. पहाटे चोक ओढत बसण्यात काहीही काव्य नव्हतं. फक्त, आकड्यावर विश्वास जरा जास्तच बसलाय. मध्यंतरी आमच्या गाडीचं स्टिअरिंग उभ्या गाडीत थरथरू लागलं. एका चकचकीत वर्कशॉपमध्ये मुलाने स्कॅनर लावला, स्क्रीन माझ्याकडे वळवली. "साडेसातशे, सर. एकदम परफेक्ट." तरी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा भाग, साफ केली, बिल दिलं, थरथर तशीच. मग घराजवळच्या गॅरेजवाल्याने इंजिन चालू ठेवून पहार लावली, इंजिन जरासं उचलून धरलं, आणि थरथर थांबली. इंजिन ज्यावर बसवतात त्या माउंटिंगचं रबर फाटलं होतं. नवीन टाकलं. आकडा आधीही साडेसातशे होता, आताही तेवढाच आहे.