शफलबॉटम: एका विरळ इंग्रजी आडनावाचा माग कसा काढायचा

शफलबॉटम हे आडनाव ऐकून खुद्द इंग्रज माणूसही गालात हसतो. ‘शफल’ म्हणजे पाय घासत चालणं, ‘बॉटम’ म्हणजे बूड. त्यामुळे कुणीतरी डुलत चालणारा पूर्वज असणार आणि गावाने त्याला हे नाव ठेवलं असणार, असा अर्थ लावून लोक मोकळे होतात. असा पूर्वज कधी नव्हता. आडनाव एका जागेचं आहे.

वायव्य इंग्लंडमधल्या लँकेशायर काउंटीत बेरी गावाच्या परिसरात शिपरबॉटम नावाची लहानशी वस्ती होती. 13व्या शतकातल्या नोंदीत तिचं नाव ‘शिप्पेवालेबोथेम’ अशा थाटाचं दिसतं. त्याचे तीन तुकडे पडतात: मेंढी, झरा आणि दरीचा तळ. लोकर कातरण्याआधी मेंढ्या वाहत्या पाण्यात धुवाव्या लागत; तशी सोय असलेली ही खोलगट जागा. पुढे वस्तीचं नाव बोलीत झिजत गेलं, आडनाव वेगळ्या वाटेने झिजलं, आणि 400-500 वर्षांनी दोघांचा संबंध कानाला लागेनासा झाला.

‘बॉटम’ची ही भावंडं पेनाइन डोंगरांच्या दोन्ही उतारांवर पसरलेली आहेत: रॅम्सबॉटम, विंटरबॉटम, साइडबॉटम, लाँगबॉटम, हिगिनबॉटम. रॅम्सबॉटम तर आजही बेरीच्या उत्तरेला नांदतं गाव आहे. क्रिकेट पाहणाऱ्यांना इंग्लंडकडून कसोटी खेळलेले साइडबॉटम बापलेक आठवतील, आणि इयान बॉथम तर आठवेलच. बॉथमच्या आडनावातही हाच दरीचा तळ आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाची ‘ट’ आणि ‘थ’ अशी दोन्ही रूपं चालत, त्यामुळे आजही एका घराण्यात ‘बॉटम’ आणि दुसऱ्यात ‘बॉथम’ दिसतं. शेवटचं ‘हॅम’ बर्मिंगहॅममधल्या ‘हॅम’सारखं, म्हणजे वस्ती या अर्थाचं, असं समजून शोध घेणारे पहिल्याच पावलाला घसरतात.

विरळ आडनाव हाती आलं की बहुतेक जण आधी शब्दकोश उघडतात. हा क्रम उलटा आहे. आधी नकाशा, मग जुन्या नोंदी, मग कोश. 2016 साली ऑक्सफर्डने काढलेला ब्रिटन आणि आयर्लंडच्या आडनावांचा चार खंडांचा कोश उत्तम आहे, कारण तो जुन्या नोंदींच्या आणि वितरणाच्या आधारावर उभा आहे. त्याआधीचे बरेचसे कोश शब्दाच्या रूपावरून अर्थ लावत. नाव कुठे सापडतं हे न बघता लावलेला अर्थ कितीही सुबक असला तरी तो अंदाजच.

नकाशाच्याही आधी एक काम करावं लागतं, ते म्हणजे सगळी स्पेलिंगं गोळा करणं. 1850 पर्यंत तरी सामान्य माणसाच्या नावाचं स्पेलिंग लिहून घेणाऱ्याच्या मर्जीवर होतं. शफलबॉटम, शफलबॉथम, शवलबॉटम, शिपरबॉटम, शूबॉटम, शूबॉथम ही सगळी एकाच शोधाची गिऱ्हाइकं. वंशावळीच्या संकेतस्थळांवर शोधताना साउंडेक्स या उच्चारावर आधारलेल्या पद्धतीवर विसंबू नका. ती पहिलं अक्षर ठेवते आणि पुढच्या व्यंजनांचे फक्त तीन आकडे काढते. शफलबॉटम, शफलबॉथम आणि शवलबॉटम या तिघांना एस-141 मिळतो, म्हणून ती एकत्र सापडतात. शिपरबॉटमला मात्र एस-161 मिळतो आणि शूबॉटमला एस-135. म्हणजे जी दोन रूपं मुद्दाम हुडकायची, नेमकी तीच चाळणीतून गळतात. त्यापेक्षा तारांकन (*) वापरा, त्याच्या जागी कुठलीही अक्षरं चालतात: एस, एच, तारांकन, बी, ओ, टी, तारांकन. नको ती नावंही येतील, पण ती डोळ्यांनी वगळता येतात. न आलेलं नाव डोळ्यांना दिसत नाही. काही संकेतस्थळांवर तारांकन चालण्यासाठी किमान तीन अक्षरं द्यावी लागतात, तेवढं लक्षात असू द्या.

आणखी एक खोड जुन्या लिपीची. 18व्या शतकापर्यंत शब्दाच्या मधला ‘एस’ लांब शेपटीचा लिहीत, तो ‘एफ’सारखा दिसतो. सूची करणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो उलट चूक करतो: खऱ्याखुऱ्या दोन ‘एफ’ना दोन ‘एस’ समजतो आणि शफलबॉटमचं शसलबॉटम होतं. ते रूपही शोधून पाहावं.

आता नकाशा. त्यासाठी 1881 ची जनगणना सर्वांत सोयीची. ती 3 एप्रिलच्या रात्रीची आहे, संपूर्ण उतरवून काढलेली आहे आणि फुकट पाहता येते. पण निव्वळ संख्या मोजून नकाशा रंगवला तर तो फसवतो. 1881 मध्ये लँकेशायरची लोकसंख्या साधारण साडेचौतीस लाख होती, चेशायरची साडेसहा लाखांच्या आत. समजा एखाद्या आडनावाची दोन्हीकडे शंभर-शंभर माणसं आहेत. लँकेशायरमध्ये ते प्रमाण लाखामागे तीनही भरत नाही, चेशायरमध्ये ते पंधराच्या वर जातं. म्हणून प्रत्येक आकड्याला तिथल्या लोकसंख्येने भागा. आणि काउंटीवर थांबू नका, नोंदणी जिल्ह्यापर्यंत उतरा. काउंटी हा फार मोठा ठिपका आहे, आणि विरळ आडनावाचं घर बहुधा 15-20 मैलांच्या परिघात असतं.

शफलबॉटम-शफलबॉथम मंडळी लँकेशायरमध्ये आहेतच, शिवाय चेशायरमध्ये आणि उत्तर स्टॅफर्डशायरमध्येही आहेत. इथे लगेच प्रश्न येतो. बेरीत सूतगिरण्या, मॅकल्सफील्ड, काँगल्टन आणि लीकमध्ये रेशीम, स्टोकमध्ये मातीची भांडी. ही माणसं कामामागे हललेली असतील, की उद्योग येण्याच्या कितीतरी आधी दक्षिणेकडे सरकलेली? 1881 चा नकाशा याचं उत्तर देऊ शकत नाही, कारण तो औद्योगिक क्रांती होऊन गेल्यानंतरचा आहे. त्यासाठी 1851 ची जनगणना घ्या. तिच्यात प्रत्येकाचं जन्मस्थान पॅरिशसकट, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीत ते येतं त्यासकट, विचारलं होतं. (1841 मध्ये याच काउंटीत जन्मलात का, नसल्यास स्कॉटलंड, आयर्लंड किंवा परदेशात का, एवढंच विचारलं होतं, आणि 15 वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायची सूचना होती, त्यामुळे ती या कामाला फारशी उपयोगी नाही.) 1851 मधली त्या आडनावाची सत्तरीपुढची माणसं वेगळी काढा आणि त्यांची जन्मस्थानं नकाशावर टाका. एका झटक्यात 1780 च्या आधीचा नकाशा हाती येतो. विवाहित स्त्रिया आणि विधवा यातून वगळायच्या, कारण त्यांचं आडनाव सासरचं.

1 जुलै 1837 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. सरकारी नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत जन्मनोंदीला आईचं माहेरचं आडनावही आहे. दोन शफलबॉटम कुटुंबं एकाच गावात असतील तर मुलं वेगळी करायला तेच कामी येतं. मात्र जन्म नोंदवला नाही म्हणून दंड होण्याची खरी भीती 1875 पासूनची. त्याआधीचं मूल सूचीत नसलं तर ते जन्मलंच नाही असं समजू नका; बाप्तिस्म्याची वही बघा.

पॅरिश नोंदवह्यांचा हुकूम 1538 चा. प्रत्यक्षात फार थोड्या वह्या तिथपर्यंत जातात. 1598 मध्ये कागदी वह्या चर्मपत्रावर उतरवून घ्यायचा आदेश निघाला, आणि त्यात 1558 पासून, म्हणजे एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासून, उतरवलं तरी चालेल अशी पळवाट होती. बऱ्याच ठिकाणी ती घेतली गेली. 1640 ते 1660 च्या दरम्यान यादवी युद्धामुळे खड्डा पडतो, तिथे बिशपकडे पाठवलेल्या नकलाही मदत करत नाहीत. उत्तरेतली आणखी एक अडचण म्हणजे पॅरिश अवाढव्य असत. चेशायरच्या प्रेस्टबरी पॅरिशमध्ये तीसहून अधिक टाउनशिप, म्हणजे पॅरिशमधल्या गाववजा वाटण्या, होत्या. मुख्य चर्चच्या वहीत नाव नाही म्हणून गाव सोडू नका. आधी आसपासच्या सगळ्या चॅपलच्या, म्हणजे मुख्य चर्चच्या हाताखालच्या लहान प्रार्थनामंदिरांच्या, वह्या तपासा.

25 मार्च 1754 पासूनच्या विवाहनोंदी मला विशेष मोलाच्या वाटतात. त्या दिवसापासून वधू-वर आणि साक्षीदारांची सही किंवा निशाणी बंधनकारक झाली. पाद्र्याने वर एक स्पेलिंग लिहिलेलं असतं, आणि खाली नवऱ्यामुलाने स्वतःच्या हाताने दुसरंच. घराण्याला आपलं नाव कसं वाटत होतं ते तिथे पहिल्यांदा कळतं. तारखांच्या बाबतीत मात्र जपून: 1752 पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष 25 मार्चला बदलत असे. फेब्रुवारी 1701 ची नोंद आपल्या हिशेबाने फेब्रुवारी 1702 ची असते. हे विसरलं तर मूल आईबापाच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं.

त्याही मागे जायचं तर करांच्या याद्या. चुलींवरचा कर 1662 ते 1689, दर चुलीमागे वर्षाला 2 शिलिंग. डोईपट्टी 1377, 1379 आणि 1381. लँकेशायरसाठी 1332 च्या कराची यादी. इथे नावाआधी ‘द’ लागतं: अमुक द शिप्पेवालेबोथेम, म्हणजे त्या वस्तीचा. एवढ्यावरून ते आडनाव ठरत नाही. तो फक्त पत्ता असू शकतो. बाप वस्ती सोडून गेला, मुलगा भलत्याच गावी जन्मला आणि तरीही त्याला तेच नाव लागलं, तर ते वंशपरंपरागत झालं. दक्षिण इंग्लंडमध्ये हे लवकर घडलं, लँकेशायरसारख्या भागात सामान्य कुटुंबांत बरंच उशिरा.

वस्ती आजच्या नकाशावर नसेल तर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे सहा इंचाला मैल या प्रमाणाचे जुने नकाशे उघडा. लँकेशायरचं हे सर्वेक्षण 1840 च्या दशकातलं आहे आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ते मोफत दिसतं. एकेक शेतघर नावासकट छापलेलं आहे. 1836 च्या कायद्यानंतर काढलेल्या टाइद (चर्चला द्यायच्या दशमांशाच्या) नकाशांमध्ये तर शेतांचीही नावं मिळतात. लँकेशायरच्या स्थळनामांवर एइलर्ट एक्वॉल या स्वीडिश अभ्यासकाने 1922 मध्ये केलेलं काम आजही पहिल्यांदा चाळावं असं आहे.

असं आडनाव विरळ का राहतं? एका वस्तीतून सहसा एकच घराणं ते नाव घेऊन बाहेर पडतं. स्मिथ गावोगावी स्वतंत्रपणे तयार झाले. शिपरबॉटमचा झरा एकच. त्यात 1348-49 च्या प्लेगने अनेक नावं रुजण्याआधीच उपटली. आणि मुलगा झाला नाही की नाव तिथे संपतं. हे गणित फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी 1870 च्या दशकात मांडलं, त्याचा गाभा असा की सुरुवातीच्या थोड्या पिढ्यांत नाव तगलं तर तगलं.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावही तसंच, म्हणून डीएनएची कसोटी लावता येते. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी 2009 मध्ये 40 आडनावांच्या 1,678 पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. अ‍ॅटनबरो आणि स्विंडलहर्स्ट या विरळ आडनावांत 70 टक्क्यांहून अधिक पुरुषांचं वाय गुणसूत्र एकसारखं किंवा जवळजवळ तसंच निघालं. स्मिथ असलेले दोन पुरुष मात्र रस्त्यावरच्या कुठल्याही दोघांइतकेच परके. सगळे शंभर टक्के का जुळत नाहीत, याचं उत्तर दत्तक मुलं, आईचं आडनाव लावणारी मुलं आणि विवाहबाह्य जन्म यांत आहे. पिढीमागे असं 2 टक्के घडलं असं धरा. 22 पिढ्यांनंतर मूळ गुणसूत्र सुमारे 64 टक्के लोकांतच उरतं. म्हणून दोघांचे निकाल जुळले नाहीत एवढ्यावरून आडनावाची दोन मुळं होती असं ठरवू नये. किमान सात-आठ वेगवेगळ्या शाखांतले पुरुष तपासावेत.

आणि हो, ‘शफलबॉटम घराण्याचं मानचिन्ह’ म्हणून चौकटीत बसवून विकतात ते घेऊ नका. इंग्लंडमध्ये मानचिन्ह आडनावाला मिळत नाही, व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं.

मागे जाताना जेवढं नाव हरवतं तेवढंच पुढे येतानाही. 19व्या-20व्या शतकात ‘बॉटम’ला लाजून अनेकांनी शेवट ‘बॉथम’ केला, काहींनी उच्चार फिरवला, काहींनी पुढचा भागच टाकून दिला. इंग्लंडच्या कायद्यात नाव बदलायला कागद लागत नाही. वापरलं की बदललं. काहींनी दस्त करून तो न्यायालयात नोंदवला, ते दस्त लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि बऱ्याचशा सूचना ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रात. बहुतेकांनी यातलं काहीच केलं नाही. अशा वेळी 1911 आणि 1921 च्या जनगणना शेजारी ठेवून मुलांची पहिली नावं, वयं आणि जन्मस्थानं जुळवायची. पुढे 1931 ची जनगणना 1942 च्या आगीत जळाली, 1941 ची झालीच नाही. मधला दुवा म्हणजे 29 सप्टेंबर 1939 ची राष्ट्रीय नोंदवही. ती पुढे आरोग्य सेवेसाठी कित्येक दशकं वापरात राहिली, त्यामुळे तिच्यात जुनं आडनाव खोडून वर नवं लिहिलेलं सापडतं. लग्नाने बदललेलं असो की लाजेने, सूचीत बऱ्याचदा ते दोन्ही नावांखाली असतं, म्हणून शोध दोन्ही बाजूंनी लावून पाहावा.