फोर्ट ते मटन स्ट्रीट : राणीछाप रुपया पारखताना

व्हिक्टोरिया राणीचा (राणीछाप) किंवा तसाच जुना चांदीचा रुपया घ्यायचा असेल, तर मुंबईच्या चोरबाजारात थेट शिरू नका. आम्ही आधी फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय पाहिलं (सोमवारी आणि बँकेच्या सुट्टीला बंद). अस्सल नाण्याची धारदार अक्षरं एकदा नजरेत बसली, की नक्कल लवकर खुपते. मग चोरबाजारातली मटन स्ट्रीट. शुक्रवार मात्र टाळा, त्या दिवशी जुन्या वस्तूंची दुकानं बंद असतात.

बाजारात सगळ्यात जास्त दिसतात ती राम-दरबाराची तांब्याची ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ नाणी. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही, त्यामुळे भाव विचारायचीही गरज नाही. कंपनीचा १८३५ चा खरा अर्धा आणा १२.९५ ग्रॅमचा, त्यावर दोन सिंहांची राजमुद्रा.

रुपयाचं गणित सोपं: एक रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. झिजलेला थोडा कमी भरेल. पण नुसतं वजन नक्कल करणाऱ्यालाही जुळवता येतं, म्हणून पाण्यात तोला. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या खिशातल्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला, कडेला टेकू देऊ नका. १८३५ ते १९३९ चा चांदीचा रुपया १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवतो, जर्मन सिल्व्हरची (तांबं, निकेल, जस्ताचा मिश्रधातू, त्यात चांदी नसते) नक्कल १.३४ च्या पुढेमागे. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो, ते झटका. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच, तिथे १.२२ धरा.

चुंबकावर विसंबू नका. चांदीसारखं पितळही चिकटत नाही, आणि १९४७ चा निकेलचा खरा रुपया चिकटतो.

दहापट भिंगातून कड फिरवून बघा. ओतीव नकलेच्या कडेवर साच्याची रेघ किंवा ती घासल्याची खूण राहते, दाते बोथट असतात, मोकळ्या जागेत बारीक पुरळ दिसतं. १९३९ चा रुपया दुर्मिळ, म्हणून १९३८ चा ८ कोरून ९ करतात. त्या एका अंकाभोवतीचा पृष्ठभाग खरवडलेला दिसतो.

वाजवून घ्याच, पण बद्द आवाज आला म्हणून लगेच खोटं ठरवू नका. माळेतून काढलेल्या नाण्याला डाक (कडी जोडल्याची झाळ) असतो, तेही बद्द वाजतं. किंमत तेवढी उतरते.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी घेत असाल तर थांबा: शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते स्वतः बाहेर नेता येत नाही.