न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस: बसने, मित्रांच्या घरी मुक्काम करत

विमानाने सहा तासांत होणारा हा पल्ला आम्ही दोघांनी बसने गाठला. मुक्काम कॉलेजच्या मित्रांकडे: न्यूयॉर्कजवळचं एडिसन, मग शिकागोजवळचं नेपरव्हिल, मग डेन्व्हर.

असा बेत आखताना आधी घरं विचारा, बस नंतर बघा. तिकडे नवरा-बायको दोघंही नोकरीला, मुलांची धावपळ वेगळी. शुक्रवारी संध्याकाळी पोचलं की शनिवार-रविवार निवांत गप्पा होतात. पहाटे तीनला पोचणारी बस स्वस्त दिसते, पण ती घेऊ नका. मित्र नाही म्हणणार नाही, गाडी काढून येईलच. म्हणूनच त्याला त्या वेळी उठवायचं नाही. शिवाय बस स्थानकं शहरात आणि आपल्या लोकांची घरं उपनगरांत. शिकागोला आम्ही बसमधून उतरून युनियन स्टेशन गाठलं आणि मेट्रा लोकलने नेपरव्हिलला गेलो. मित्राला फक्त स्टेशनवर यावं लागलं.

ग्रेहाउंड या बस कंपनीचा पूर्वीचा अमर्याद प्रवासाचा पास आता मिळत नाही. प्रत्येक टप्प्याचं तिकीट वेगळं काढा, जितकं आधी तितकं स्वस्त. ग्रेहाउंड २०२१ पासून फ्लिक्सबसच्या कंपनीकडे आहे, त्यामुळे दोन्ही बस एकाच ॲपवर दिसतात. बस बदलताना मोठी बॅग आपणच उतरवून पुढच्या बसला द्यायची. पासपोर्ट आणि औषधं मात्र कायम अंगाजवळ. एसी कडक असतो, शाल हवीच.

शिकागो ते डेन्व्हर सुमारे १६०० कि.मी. आहे. आयोवातली मक्याची शेतं संपता संपत नाहीत, तेव्हा हा टप्पा रात्री झोपेत काढला तरी चालेल. डेन्व्हर ते लास व्हेगास मात्र सकाळची बस मिळत असेल तर तीच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३४०० मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. तो ओलांडला की रस्ता उतरत ग्लेनवूड कॅनियनमध्ये शिरतो. एका बाजूला कोलोरॅडो नदी, दुसऱ्या बाजूला उभे कडे, आणि रस्ता कुठे कुठे नदीवरच्या खांबांवर उचललेला. मग युटा लागतं आणि हिरवा रंग गायब होतो. ग्रीन रिव्हर ते सलाइना या दोन गावांमधल्या सुमारे १७० कि.मी.मध्ये पेट्रोल पंपसुद्धा नाही, म्हणून ग्रीन रिव्हरला बस थांबली तर पाणी भरून घ्या. आमच्या शेजारी बसलेल्या आजी नातीच्या बारशाला निघाल्या होत्या. त्या खिडकीबाहेर बोट दाखवून प्रत्येक सुळक्याबद्दल सांगत होत्या. विमानात अशी सोबत मला कधी मिळाली नाही.

थांब्यावर चालक किती मिनिटं ते सांगतो, आणि बस खरंच तेवढ्यात सुटते. घड्याळ मात्र स्थानिक वेळेला लावा: न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस तीन तास मागे जातात.

मित्रांसाठी थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, डिंकाचे लाडू नेले. मागणी भाजणीला सर्वांत जास्त होती. मांस, ताजी फळं आणि बिया नेऊ नका, आणि जे नेता ते कस्टमच्या प्रश्नाला स्पष्ट सांगा. घरात आपली भांडी आपण डिशवॉशरला लावा, अंघोळीला पडदा टबच्या आत घ्या, निघताना चादरी काढून धुवायला टाका. एखाद्या संध्याकाळी स्वयंपाक आपण करावा.

व्हेगास ते लॉस एंजेलिस रविवारी दुपारी टाळा. सगळं लॉस एंजेलिस तेव्हा घरी परतत असतं.