लगड कुणाची?

मराठवाड्यातल्या एका तालुका विधी सेवा समितीच्या पॅनलवर मी वकील आहे. ज्यांना वकील लावायची ऐपत नाही अशांची कामं आमच्याकडे येतात, आणि त्यांत चोऱ्याच फार. हे काम मंगळसूत्र ओढल्याचं होतं. भादंवि, म्हणजे भारतीय दंड विधान, कलम 392 सह 34: दोघांनी मिळून केलेली जबरी चोरी. गुन्हा 1 जुलै 2024च्या, म्हणजे नवी न्याय संहिता लागू व्हायच्या, आधीचा, म्हणून सगळं जुन्याच कायद्याने चाललेलं.

माझा पक्षकार पंचविशीतला पोरगा, मुक्काम हर्सूल जेल. दुसऱ्याच तालुक्यात मोटारसायकल चोरीत धरला गेला होता. तिथून इथल्या पोलिसांनी त्याला प्रॉडक्शन वॉरंटवर, म्हणजे जेलमधला आरोपी हजर करायच्या कोर्टाच्या हुकमावर, वर्ग करून घेतलं. एक पोरगा हाती लागला की आजूबाजूच्या ठाण्यांचे जुने गुन्हे कसे भराभर उघडकीस येतात, हे फौजदारी बाजूला काम करणाऱ्या कुणाला सांगायला नको. ते सगळे खोटे असतात असं मी म्हणणार नाही. सगळे खरे नसतात, एवढं मात्र नक्की.

चोरी कुठे संपते आणि जबरी चोरी कुठे सुरू होते ते कलम 390 सांगतं. चोरी करता यावी म्हणून, किंवा माल घेऊन पळता यावं म्हणून, इजा केली किंवा तिथल्या तिथे इजेची भीती घातली, तर ती जबरी चोरी. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, जबरीला दहा, आणि हायवेवर सूर्यास्तानंतर सूर्योदयाच्या आत केली तर चौदा. गंमत म्हणजे हे काम चालतं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, ज्यांना तीन वर्षांच्या वर शिक्षा देताच येत नाही. जास्त द्यावी असं वाटलं तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. त्यामुळे 392चा खरा चटका बसतो तो अटकेत आणि जामिनात. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत उठसूट अटक करू नका, असं सुप्रीम कोर्टाने 2014 साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं. दहा वर्षांचं कलम लागलं की तो आधार गेला. आणि गळ्यातलं ओढलं की ठाण्यात 392 लागलंच म्हणून समजा. नव्या न्याय संहितेत हिसकावून नेण्याला 304 हे वेगळं कलम आलंय, तीन वर्षांपर्यंतचं. ते आधी असतं तर या पोराचे जेलमधले बरेच महिने वाचले असते, असं मला वाटतं.

त्या दिवशी बोर्डावर दोन साक्षीदार होते: फिर्यादी बाई आणि ज्याच्या दुकानातून सोनं जप्त झालं तो सोनार.

बाई पन्नाशीच्या, डोक्यावरून पदर. बचत गटाच्या मीटिंगहून पायी घरी येताना मागून मोटारसायकल आली, मागे बसलेल्याने मंगळसूत्र ओढलं, दोघं पसार. सरकारी वकिलांनी आरोपीकडे बोट करून विचारलं. बाई म्हणाल्या, ‘हाच तो.’ मग मुद्देमालाची पाळी आली. मुद्देमाल त्यांच्याच ताब्यात होता, कोर्टाने सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, दिलेला. सोनं वर्षानुवर्षं ठाण्यात पडून राहू नये, पंचनामा आणि फोटो करून मालकाला द्यावं, हे सुंदरभाई देसाई प्रकरणापासून, म्हणजे 2002 पासून, ठरलेलं आहे. बाईंनी बटव्यातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत सोन्याची लगड. मंगळसूत्र वितळवून केलेली, असं दोषारोपपत्रात म्हटलेलं.

‘ही वस्तू तुम्ही ओळखता का?’

‘वळखू कशी?’ बाई म्हणाल्या. ‘ह्यात काळे मणी कुठं हायेत? वाट्या कुठं हायेत?’

सरकारी वकिलांनी प्रश्न वेगळ्या तऱ्हेने घातला. बाईंचं उत्तर तेच. ‘पोलीस म्हणले हे तुमचं हाय, म्हणून घेतलं. माझं दोन तोळ्याचं होतं.’ लगड चौदा ग्रॅमची. वजनावर मी बरेच प्रश्न लिहून आणले होते, ते तिथेच खोडले. शिवाय वजनातला फरक काही निर्णायक नसतो. वाट्यांत लाख भरलेली असते, मण्यांचं वजन वेगळं, घट धरावी लागते; सरकार पक्षाने तेवढं समजावून सांगितलं असतं. पण ‘वळखू कशी’ याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

उलटतपासात मला दोनच गोष्टी हव्या होत्या. जखमेच्या दाखल्यावर गुडघा आणि तळहात खरचटल्याची नोंद होती, मानेवर काहीच नाही. फिर्यादीत मात्र ‘मला ढकलून देऊन’ असे शब्द. मी विचारलं, ‘त्या इसमाने ओढलं तेव्हा तुम्ही उभ्याच होतात?’

‘व्हय.’

‘मग पडलात कुठं?’

‘पुढं, खडीवर. गाडीमागं पळाले ना मी.’

‘गाडी निघून गेल्यावर?’

‘मग काय, बघत उभी ऱ्हाऊ?’

कोर्टात हसू फुटलं. साहेबांनी मान खाली घालून उत्तर लिहून घेतलं. ढकलल्याचं सांगितलं होतं का, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, ‘मी नाही सांगितलं. त्यांनी लिव्हलं आसंल.’ इजा झाली ती चोराचा पाठलाग करताना. चोराने ती चोरीसाठी केलेली नव्हती. गुन्हा शाबीत झालाच तर तो 379चा, म्हणजे साध्या चोरीचा, हे माझं दुसरं दार उघडं झालं.

दुसरी गोष्ट ओळख परेडची. परेड जेलमध्ये नायब तहसीलदारांनी घेतली होती. फौजदारी नियमावलीप्रमाणे एका आरोपीसोबत त्याच्यासारख्या दिसणाऱ्या निदान अर्धा डझन माणसांना उभं करावं लागतं; तेवढी होती, कागद नीट होते. घोळ परेडच्या आधीचा. अटक झाली त्या दिवशी पोलीस साहेब मध्ये, आरोपी बाजूला, असा फोटो गावातल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला होता. आरोपीचं तोंड उघडं. ओळख परेड घ्यायची असलेल्या माणसाला बुरख्यात ठेवायचं, हे शिपायालासुद्धा माहीत असतं. पण कामगिरीचा फोटो टाकायची हौस कुणाला आवरत नाही. मी विचारलं, ‘परेडच्या आधी फोटो पाहिला होता?’ बाई सरळ म्हणाल्या, ‘पोरानं दावला. म्हणला, आई, हे बघ तुझा चोर.’

एवढी खरं बोलणारी फिर्यादी मी फार कमी पाहिली आहे. तिच्या प्रत्येक खऱ्या उत्तराने केस तिच्याच विरुद्ध जात होती आणि ती एकदाही अडखळली नाही.

सोनाराची साक्ष लवकर आटोपली. तो सरकारचा साक्षीदार, पण फिरला. म्हणाला, ‘आरोपीला मी कधी पाहिलं नाही. पोलीस दुकानात आले, सोनं काढून दे म्हणाले, नाहीतर 411 लावतो म्हणाले. मी माझ्या गल्ल्यातलं दिलं.’ चोरीचा माल घेतल्याचं हे कलम सराफ कट्ट्यावर सगळ्यांना पाठ असतं. सरकारी वकिलांनी फितूर जाहीर करायला लावून उलट विचारलं, ‘स्टॉक रजिस्टरला नोंद आहे?’ तो म्हणाला, ‘रजिस्टर आणलं नाही.’ तो दोरा ओढण्यात माझ्या पक्षकाराचा काही फायदा नव्हता. मी गप्प बसले.

राहिला पुरावा कायद्याच्या कलम 27चा निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीने पोलिसांना जे सांगितल्यावरून माल सापडला त्याची नोंद: ‘मंगळसूत्र विकलेलं दुकान दाखवतो’. अशा निवेदनातला नेमका शोधाशी जोडलेला तेवढाच भाग पुराव्यात येतो, हे प्रिव्ही कौन्सिलने 1946 साली पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात ठरवून दिलेलं आहे. इथे जे सापडलं ते चोरीचंच होतं हेच कुणी सांगायला तयार नव्हतं. पंचाने सही ठाण्यात केल्याचं आधीच कबूल केलेलं.

आरोपी निर्दोष सुटला. या केसपुरता, मोटारसायकलच्या केसमध्ये तो पुन्हा हर्सूललाच गेला. 379चं माझं दुसरं दार वापरावं लागलं नाही.

निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद मुद्देमालाचा होता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 452 खालचा. लगड फिर्यादीची असल्याचं शाबीत नाही, तिला ती ओळखता आली नाही, सबब ज्याच्याकडून जप्त झाली त्याला परत करावी. म्हणजे सोनाराला. बाईंनी सुपुर्दनाम्यावर घेतलेली लगड कोर्टात जमा करायची.

जिन्याजवळ बाईंनी मला गाठलं. चिडलेल्या होत्या, पण आवाज चढलेला नव्हता. ‘वकीलबाई, त्याला सोडवलं ते तुमचं काम. माझं सोनं कशापायी सोडवलं?’

सोन्याबद्दल मी एक अक्षरही विचारलं नव्हतं; सगळं त्यांच्याच तोंडून आलं होतं. हे सांगून काय उपयोग? त्याच संहितेच्या कलम 454 खाली त्या हुकमावर सेशन्समध्ये अपील होतं, तेवढं सांगितलं. मी त्यांच्याकडून उभी राहू शकत नव्हते, म्हणून एका ज्युनिअरचं नाव दिलं. दोन महिने तसाही तो हुकूम अमलात येत नाही, आणि अपील दाखल झालं की त्याचा निकाल लागेपर्यंत थांबतो.

अपील दाखल झालंय. लगड कोर्टाच्या मालखान्यात, नव्या लाखेच्या सीलमध्ये. सोनाराने रजिस्टर अजून हजर केलेलं नाही.