घरचा प्रोजेक्ट चारचौघांत मांडताना

कुंडीतली माती सुकली की पंप सुरू करणारा, ईएसपी३२ या वाय-फायवाल्या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर चालणारा माझा प्रोजेक्ट गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या आणि वाटायच्या साइटवर, खुला करायचं ठरवलं, तेव्हा पहिलं काम निघालं साफसफाईचं. वाय-फायचा पासवर्ड थेट कोडमध्ये होता. घरगुती कोडमध्ये असतोच. तो वेगळ्या फाइलमध्ये हलवून ती फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने नोंदवू नयेत अशा फाइलींच्या यादीत, टाकली. पण तेवढ्याने भागत नाही, कारण जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी नोंदवलेल्या बदलांत, पासवर्ड जसाच्या तसा राहतो. इतिहास पुसणारी साधनं आहेत, पण मी सरळ नवी रिपॉझिटरी (प्रोजेक्टच्या फाइली आणि त्यांचा इतिहास ठेवायची जागा) सुरू केली आणि पासवर्डही बदलला. ‘आता चालेल’, ‘आता तरी चालेल’ असल्या कमिट संदेशांना मुकून जगाचं काही बिघडलं नाही. फोनवर काढलेल्या फोटोंमधलं लोकेशनही काढून टाकलं.

खरा कस लागला रीडमी, म्हणजे प्रोजेक्टसोबतची माहितीची फाइल, लिहिताना. एका मैत्रिणीला फक्त रीडमी आणि सुटे भाग दिले आणि मी तोंड बंद ठेवून शेजारी बसलो. ‘सेन्सर अ‍ॅनालॉग पिनला जोडा’ हे वाचून तिने तो बोर्डवरच्या जीपीआयओ २५ या पिनला जोडला. वाय-फाय जोडलं जाताच रीडिंग बंद! तिचं काहीच चुकलं नव्हतं. तीही अ‍ॅनालॉग पिनच आहे. पण ती एडीसी २ मधली (एडीसी म्हणजे व्होल्टेजचा आकडा करून देणारा भाग, ईएसपी३२ मध्ये असे दोन), आणि ईएसपी३२ वर वाय-फाय चालू असताना एडीसी २ भरवशाने वाचता येत नाही. माझा सेन्सर पहिल्यापासून जीपीआयओ ३४ वर, म्हणजे एडीसी १ वर, त्यामुळे मला हे कधी जाणवलंच नव्हतं. आता रीडमीत पिनचा क्रमांक आहे, शेजारी कारणही. पंपाच्या मोटारीला समांतर उलटा डायोड कशाला, हेही तिने विचारलं म्हणून लिहिलं गेलं: मोटार बंद होताना उसळणारा व्होल्टेज मॉसफेट, म्हणजे पंप चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, जाळू शकतो.

लायसन्स नसेल तर कोड लोकांना दिसतो, पण वापरायची मुभा मिळत नाही. कोडला एमआयटी हे मोकळं लायसन्स दिलं. सर्किटला सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या ओपन हार्डवेअर लायसन्सची २०२० ची दुसरी आवृत्ती, तिच्या तीन प्रकारांतला सर्वांत मोकळा. सर्किट आखायच्या कायकॅड सॉफ्टवेअरच्या मूळ फाइलीही टाकल्या. नुसत्या गर्बर फाइली, म्हणजे सर्किट बोर्ड बनवायला कारखान्याला देतात त्या, देऊन ‘ओपन’ म्हणवणं मला पटत नाही. समोरचा त्यात बदल करणार कसा?

गिटहबवर पहिला इश्यू, म्हणजे तक्रार, आला तो टाकी रिकामी झाल्यावर पंप कोरडा चालतो म्हणून. पाण्याची पातळी ओळखणाऱ्या फ्लोट स्विचचा कोडही त्या माणसाने सोबत पाठवलाय. सध्या माझ्याकडे चालवून पाहतोय. मुख्य कोडमध्ये मर्ज केला की भागांच्या यादीत एक ओळ वाढेल.